टेलिफोन एक्स्चेंजमधली मावशी

एक्स्चेंजमधल्या पोरी मावशीला ‘टेपरेकॉर्डर’ म्हणायच्या. “नमस्कार, कोणता नंबर हवाय?” दिवसभर तेच वाक्य, तोच सूर. मावशीला त्याचा राग नव्हता. ते दिवस आठवले की आजही तिचा चेहरा खुलतो. कानांवर हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, हातात पिना लावलेल्या दोऱ्या, आणि समोर कुणीच नाही. माणसं नुसती कानातून यायची. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांचे अर्थ लावत बसायला नको.

शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. तिनं बोलायचं, हिनं ऐकायचं. दोघींचं झकास सूत जमलं होतं.

घात झाला तो मैत्रिणीच्या लग्नात. बँड, झगमगते दिवे, अत्तराचे भपकारे, चहूकडून धक्के. मावशीचं डोकं बधिर झालं. ती कुणालाही न सांगता तडक घरी आली आणि खोलीत अंधार करून बसली.

पुढं मैत्रिणीनं विचारलं, “का गं निघून गेलीस?”

“मला थांबावंसं वाटेना.”

खरं होतं ते. पण मैत्रिणीला झोंबलं. तिनं बोलणं टाकलं. पुढं नवी यंत्रं आली, एक्स्चेंज बंद पडलं, सगळ्या पांगल्या. मावशीला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. “बाई, माझ्याकडे बघून बोला!” लोक खेकसायचे. घरी पोचेपर्यंत तिला उलट्या व्हायच्या. सगळे म्हणत, शिष्ट आहे. हळूहळू तिलाही ते पटलं.

साठी उलटल्यावर भाचीनं तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लहानपणापासूनचं सगळं निवांत ऐकून घेतलं.

“याला पूर्वी अ‍ॅस्परगर म्हणायचे. आता ऑटिझममध्येच, म्हणजे स्वमग्नतेतच धरतात. हा आजार नाही. तुमच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे. गोंगाट सोसत नाही, चेहरे वाचता येत नाहीत, ते त्यामुळंच.”

“म्हणजे मी शिष्ट नव्हते?”

“मुळीच नाही.”

घरी आल्यावर मावशी म्हणाली, “तिला सांगायला हवं.”

भाचीनं खटपट करून त्या मैत्रिणीचा नंबर मिळवला. मावशीनं ख्यालीखुशाली न विचारताच सुरुवात केली. “तुझ्या लग्नात मला आवाज सोसेनात, म्हणून मी गेले. तुझ्यावर राग नव्हता.”

पलीकडून मैत्रीण उसळली.

“अगं बये! तेव्हाच नाही का सांगायचं?”

“तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं?”

मग मैत्रीण रडता रडता हसली, आणि दोघींच्या गप्पा एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरबाईंच्या करकरणाऱ्या चपलांवर घसरल्या.

आता मैत्रीण अधूनमधून येते, गावभरच्या गप्पा मारते. मावशी थकली की सरळ म्हणते, “आता जा.”

“निघते गं बाई,” म्हणत मैत्रीण हसत हसत पर्स उचलते.