वकीलसाहेबांच्या पुस्तकावरचा माझा अभिप्राय

वकीलसाहेब माझी वही मोठ्यानं वाचत होते. शहापुरातल्या वाचनालयाच्या ओट्यावर सभासद बसलेले, मुरबाडचे दोन पाहुणे बसलेले. हातात चहाच्या कपबशा. मी खाली अंगणात उभी. हातात खराटा.

“ऐका, ऐका. झाडूवालीचे अभिप्राय!”

हशा.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझं वय वीसेक असेल. मी महारवाड्यातली. अंगण झाडायचं, आत पाय ठेवायचा नाय. पण शिपाई रामाकाकांची कंबर धरलेली, त्यांना वाकता येत नसे. दुपारी वाचनालय बंद असलं की ते मला आत घ्यायचे आणि स्वतः दारात बसायचे. “आटप गो लवकर,” म्हणायचे. मी झपाझप झाडायची, उरलेल्या वेळात वाचायची. अक्षर बापानं शिकवलेलं, तो पलटणीत होता. वाचलं की डोकं भणभणायचं, म्हणून वहीत लिहायची. कुणाला दाखवायला नाय.

त्या दिवशी वही कपाटात राहिली. वाचनालयाचे अध्यक्ष वकीलच, त्यांना सापडली. कुणाची, म्हणून विचारल्यावर रामाकाकांनी माझं नाव सांगितलं.

एका कादंबरीवर मी लिहिलं होतं, “नायिका विहिरीवर उभी राहून तीन प्रकरणं रडते. आमाला विहिरीवर उभं राहू देत नाय. आमी कुठं रडायचं?”

हशा. एकाला ठसका लागला.

मासिकातल्या एका व्यंगचित्रावर लिहिलं होतं, “झाडूवालीचे दात पुढं काढलेत, लोकांनी हसावं म्हणून. पण खराटा उलटा धरलाय. काढणाऱ्यानं तिला कधी नीट बघितलंच नाय.”

“वा! खराटाशास्त्र!” कुणीतरी ओरडलं.

हातातला खराटा कुठं लपवू असं झालं मला. माझीच वाक्यं माझ्या कानाला घाण वाटायला लागली. ती लाज मी अजून विसरले नाय.

पुढचं पान वकिलांनी हसता हसताच सुरू केलं. “ह्यात आमच्या वाड्याचं वर्णन आहे. दारोदारी तुळस, बाया ओव्या गातायत, सगळे समाधानी. लिहिणारे वाड्यात एकदा पण आले नाय. हे पुस्तक खोटं...”

थांबले. पुस्तक त्यांचंच होतं. ग्रामोद्धारावरचं, नवंकोरं.

आता कुणी हसलं नाय.

“रामा, हिला आत कुणी घेतलं?”

“मला काय ठावं नाय, साहेब. शिरली असंल चोरून.”

वकील माझ्याकडं वळले. “कुठल्या कुठल्या पुस्तकांना हात लावलास? नावं सांग. ती जाळायची.”

अंगणात रॉकेलचा डबा आणून ठेवला. मी तोंड उघडलं. पहिलं नाव ओठावर आलं होतं. मग कळलं, जे नाव घेईन ते जळणार, आणि जाळणारी मीच असणार.

“सगळ्यांना,” मी म्हणाले.

“काय?”

“कपाटातल्या एकूण एक पुस्तकाला हात लावलाय. तुमच्या पण. जाळा.”

काठी आली. उजव्या हातावर, दोनदा. मनगटाचं हाड वाजलेलं मला ऐकू आलं. ओट्यावरचं कुणी उठलं नाय. कुणी कपसुद्धा खाली ठेवला नाय.

पुस्तकं जाळली नाय त्यांनी. जीव धजला नाय. नुसतं गोमूत्र शिंपडलं. जाळली ती माझी वही, मला समोर उभी करून, शेवटचं पान काळं होईपर्यंत. रामाकाका जमिनीकडं बघत होते.

काम गेलं. हात बसला तो वाकडाच. उजव्यानं अक्षर निघेना, म्हणून डाव्यानं शिकले. सुरुवातीला रेघसुद्धा सरळ येत नव्हती.

डाव्या हातानं पहिला अभिप्राय लिहिला तो वकिलांच्या पुस्तकावर. तोच, शब्द न शब्द. जळलेल्या वहीवर मी नाव घातलं नव्हतं. भ्यायची. आता खाली नाव घालते. माझं, बापाचं, वाड्याचं. पुस्तक खोटं असलं तर खोटं आहे असं लिहिते, आणि ज्यानं लिहिलंय त्याला पाठवते.