दाताखालचा दगड

खाणीत त्याला सगळे नगारा म्हणायचे. तो साधं पाणी मागायचा, तरी पलीकडच्या कड्यावरचा माणूस तांब्या घेऊन यायचा. एवढ्या मोठ्याने बोलतो म्हणजे अंगात रग असणार, असा गावाचा समज. खरं कारण फक्त बायकोला ठाऊक होतं: नगाऱ्याला ऐकू येत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एक सुरुंग वेळेआधी उडाला आणि त्याच्या दोन्ही कानांचे पडदे फाटले. डॉक्टरने तसं कागदावर लिहून दिलं. नगाऱ्याने तो कागद वाटेतच फाडला आणि घरी येऊन सांगितलं, की थोडा मळ साचलाय. बायकोला दोन दिवसांत कळायचं ते कळलं.

आता बहिऱ्याने दगड फोडले म्हणून कोण अडवतंय? पण नगारा नुसता फोडत नव्हता, तो दगड पारखायचा. हातोडीचा ठोका मारला आणि आवाज खणखणीत आला, तर दगड सलग. बद्द आला, तर आत तडा. तडा गेलेला दगड क्रेनने उचलला की हवेतच दुभंगतो आणि खाली असलेल्याच्या घरी निरोप धाडावा लागतो. म्हणून पारख्याने खडूची रेघ ओढल्याशिवाय दगड उचलायचा नाही, असा खाणीचा नियम होता.

कान गेल्यावर नगाऱ्याने दुसरी सोय शोधली. छिन्नीचं टोक दगडाला लावायचं, मागचं टोक दातांत धरायचं आणि दगडावर ठोका मारायचा. दगडाची थरथर दातांतून थेट मस्तकात जायची. कुणी विचारलंच तर म्हणायचा, हात मोकळे राहतात. सुरुंगाचा भोंगा झाला की झाडावरचे कावळे उडायचे. ते उडाले की हासुद्धा पळायचा. बोलणं तो समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचा. सहा वर्षं कुणालाही पत्ता लागला नाही. बायको तेवढी म्हणायची, "अहो, दगडातला तडा बरा कळतो दातांना, भाजीत मीठ नाही ते कळत नाही."

त्याचा वैरी म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघंही पारखी, दोघांचं लग्न एकाच मांडवात. सासऱ्याने नगाऱ्याला घड्याळ दिलं आणि साडूला सायकल, तेव्हापासून जे बिनसलं ते बिनसलंच. साडू पारख करताना कपाळाला आठ्या घालून दगडाला कान लावायचा, जणू दगड त्याला घरची गाऱ्हाणी सांगतोय. त्या सुरुंगाच्या वेळी तोही नगाऱ्याच्या दोनच पावलं मागे होता. पण त्याचे कान वाचले म्हणे. नशीब लागतं.

अशात मुकादम म्हातारा झाला आणि त्याची खुर्ची मोकळी होणार असं ठरलं. खुर्ची म्हणजे काय, तर पत्र्याच्या शेडमधली एक हात मोडलेली, ढेकणांनी भरलेली वस्तू. पण तिच्यावर बसून माणसाला माणसावर ओरडता यायचं. नगाऱ्याच्या जिवाला ती खुर्ची लागली. मिळाली नाही आणि साडू तिच्यावर बसला, तर उरलेलं आयुष्य त्याच्या हुकमात काढायचं, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

आणि इथेच गड्याने माती खाल्ली. छिन्नी चावून चावून त्याचे वरचे दात हलायला लागले होते. मुकादम बोळका शोभत नाही, असं त्याच्या डोक्यात शिरलं. तालुक्याला जाऊन त्याने वरचे सगळे दात उपटून घेतले आणि चकचकीत कवळी बसवून आला. डॉक्टरने मागची एक दाढ तेवढी आधाराला ठेवली. घरी येऊन त्याने उंबऱ्याच्या दगडाला छिन्नी लावली, तर कवळीच खडखडली. पाट्यावर खडखडली. अंगणातल्या धोंड्यावरही खडखडली. जगातले सगळे दगड एका दिवसात तडकले होते.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काय, चेहरा गंभीर ठेवायचा," नगारा म्हणाला, आणि शेजारच्या तीन घरांना ते ऐकू गेलं.

खुर्ची कुणाला द्यायची याच्या परीक्षेच्या दिवशी मालकाने दोन मोठे दगड निवडून ठेवले. आधी साडूची पाळी. तो पहिल्यापाशी गेला. ठोका मारला, कान लावला आणि मान वळवून नगाऱ्याकडे बघितलं. नगाऱ्याच्या हिरड्यांना कवळी घासत होती, कळ आली म्हणून त्याचं तोंड वाकडं झालं. साडू लगेच म्हणाला, "तडा आहे." मुकादमाने ठोकून बघितलं आणि मान डोलावली.

नगाऱ्याला काही ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळं. हा माणूस दगडाकडे बघतच नव्हता. दुसऱ्या दगडावर साडूने ठोका मारला, तेव्हा गंमत म्हणून नगारा त्याच्याकडे बघून हसला.

"खणखणीत," साडू म्हणाला आणि त्याने खडूची रेघ ओढली. पहिलं उत्तर बरोबर आलं म्हणून मुकादमाने हा दगड ठोकून बघितलाच नाही.

मेल्या, तूही बहिरा, नगारा मनात म्हणाला. सहा वर्षं माझ्या थोबाडावर नोकरी केलीस.

नगाऱ्याला असा आनंद झाला की त्याला नाचावंसं वाटलं. एक शब्द बोलला असता, तर खुर्ची त्याची होती. पण तोवर क्रेनचा साखळीवाला दगडाखाली साखळी ओवायला वाकला होता. दगड कसा आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. आपण नुसते हसलो होतो.

त्याने धावत जाऊन साखळीवाल्याला मागे ओढलं. सगळ्यांदेखत कवळी काढून खिशात टाकली, छिन्नी दगडाला लावली, वरच्या एकुलत्या एका दाढेखाली धरली आणि ठोका मारला. बद्द. पुन्हा मारला. बद्दच.

"पाचर मारा," तो ओरडला. पाचर मारल्यावर दगड मधोमध उकलला.

"हा काय प्रकार?" मालकाने पाठीमागून विचारलं. नगाऱ्याला कळलं नाही. मालकाने खुणेने पुन्हा विचारलं, तेव्हा नगाऱ्याने बोळक्या तोंडाने सगळं सांगून टाकलं: सुरुंग, पडदे, दात. फक्त स्वतःचं सांगितलं. साडू समोर उभा होता, हातात खडू घेऊन, पांढरा पडलेला. मेहुणीची तीन पोरं नगाऱ्याच्या डोळ्यांपुढे आली. साडूची त्याला कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला.

"त्याची चूक नाही. मीच हसून त्याला गडबडवलं," तो म्हणाला.

मालकाने विचार केला. चूक सुधारता येते, पण भोंगा ऐकू न येणारा मुकादम कसा चालेल? खुर्ची साडूला मिळाली, नगाऱ्याची पारख्याची जागा तेवढी राहिली.

बायकोने त्या दिवशी भाजीत मीठ मात्र बरोबर घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर येताच नगाऱ्याने छिन्नी दाढेखाली धरून सगळे दगड चाखून घेतले. मग शेवटची रेघ आपल्या हाताने ओढायला साडू खुर्चीवरून उठून आला, रुबाबात ठोका मारला, कान लावला आणि नगाऱ्याकडे बघत राहिला. नगाऱ्याने आधी कान खाजवला. मग जांभई दिली. मग चपलेतला खडा काढला. मुकादमसाहेबांना घाम फुटला.

बऱ्याच वेळाने नगाऱ्याने मान हलवली, आणि साडूने मुकाट्याने रेघ ओढली.