साडूभाऊंचा आजारी गहू

साडूभाऊंच्या शेतातला मरायला टेकलेला गहू मी औषध ओतून वाचवला. ही माझी चूक. गव्हाला रोग लागला म्हणून हरखून जाणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असावा आणि त्याने नेमकं माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी लग्न केलेलं असावं, हा योग माझ्याच पत्रिकेत होता.

साडूभाऊंनी जन्मभर शेतकी कॉलेजात माती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर ते थेट मातीलाच शिकवायला लागले. शिंगणापूरच्या रस्त्याला त्यांचं रान आहे. तिथे शिरताना चपला बांधावर काढून पाय धुवायचे, कारण आपण दुसऱ्याच्या शेतातली बुरशी आणतो. आणि निघतानाही धुवायचे, कारण आपण त्यांची घेऊन जातो. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराचे पांढरेशुभ्र बूट त्यांनी असेच उतरवले. तो बिचारा अनवाणी, हात जोडून उभा; आणि हे त्याला गव्हाचं उपटलेलं रोप दाखवून सांगताहेत, "मुळाला बुरशी लागली की भोवतालची सगळी वस्तीच बदलते बघा. इतके दिवस गुण्यागोविंदाने राहणारे जीवाणू पांगतात आणि सडक्यावर जगणारे संधिसाधू गर्दी करतात. पानांवरसुद्धा तेच. तुमच्याकडे नाही का, कारखान्याची निवडणूक लागली की..." उमेदवार बूट हातात घेऊनच जीपमध्ये बसला. लग्नात लोक आहेर बघतात, हे मांडवामागची माती हुंगतात. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "मला ताप आला तर म्हणतात, पडून राहा. गव्हाला आला की उशाशी बसतात."

हे उशाशी बसायचं ठिकाण म्हणजे रानाच्या कोपऱ्यातला एक तुकडा. तिथे दरसाल मूळकूज यायची, आणि साडूभाऊ मुद्दाम काही फवारायचे नाहीत. पुढच्या साली त्याच जागी पुन्हा गहूच. "आजारी रोप मुळातून रस सोडून आरोळी ठोकतं," ते सांगत, "आणि रोगाला भिडणारे जीवाणू, चांगल्या बुरश्या मदतीला जमतात. पीक जातं, पण ती फौज मातीत राहते. पुढच्या पेरणीला तीच उभी ठाकते." फौज कुणाला दिसत नव्हती, दिसत होत्या त्या पोकळ, पांढऱ्याफटक ओंब्या. यंदा मात्र त्यातल्या बऱ्याच भरायला लागल्या. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा नातू झाल्यासारखा आवाज होता. मी पेपर वाचता वाचता "अरे वा" म्हणालो.

मग ते दोघं राजूरला लग्नाला गेले आणि पाणी द्यायला मला ठेवून गेले. मी भिंगारचा माणूस. गव्हाची आणि माझी ओळख पिठाच्या गिरणीपासून पुढची. तरी त्या कोपऱ्यात उरलेल्या पांढऱ्या ओंब्या बघून माझ्यातला शेतकरी खडबडून जागा झाला. दुकानात जाऊन "सगळ्यात जालीम बुरशीनाशक द्या" म्हणालो, पंप पाठीला लावला आणि तुकड्याला आंघोळ घातली. परत आल्यावर साडूभाऊ मिठी मारतील, अशी माझी अटकळ.

त्यांनी मूठभर माती उचलली, हुंगली आणि खाली सोडली. "पाहुणे, औषधाला आपला-परका कळत नाही हो," एवढंच म्हणाले. जीवाणूंवर तासभर बोलणारा माणूस. मग ते बांधावर आले आणि चपला घालूनच पुन्हा रानात शिरले. तेव्हा मात्र मी घाबरलो.

दोन घास कमी जेवून ते उठले, तशी अक्का म्हणाली, "अहो, विरजण नासलं तर बाई काय करते? वाटी घेऊन शेजारी जाते. गेल्या पेरणीला शब्बीरभाईंना त्याच तुकड्यातली माती तुम्हीच दिली होतीत ना?"

शब्बीरभाई म्हणजे पलीकडच्या बांधाचे शेजारी. त्यांचाही गहू सडत असे, म्हणून साडूभाऊंनी ती माती त्यांना दिली होती, आणि त्यांनी ती एका वाफ्यात मिसळली होती. आम्ही घमेलं घेऊन गेलो, आणि माझ्या फवारणीची हकीकत मीच त्यांना सांगितली. वाफ्यात गहू उभा होता.

"घ्या की सर, लागंल तेवढी," शब्बीरभाई म्हणाले. "तुमचीच तर हाय."

साडूभाऊ उकिडवे बसले, माती नाकाशी नेली. "आहेत," ते पुटपुटले. "आहेत हो अजून." पुरात वाहून गेलेली माणसं सापडावीत तसं. आता ही मूठभर मंडळी त्या तुकड्यात नेऊन वसवायची. ती कधी वाढणार, आणि तोवर साडूभाऊंचे गुडघे साथ देणार का, कुणास ठाऊक. उठताना त्यांनी जमिनीला हात टेकला, तो बराच वेळ टेकलेलाच राहिला.

निदान घमेलं तरी आपण उचलावं म्हणून मी पुढे झालो, तर शब्बीरभाईंनी हात आडवा घातला.

"पाव्हणं, तुमी बांधावरच ऱ्हावा. तुमच्या हाताला लई गुण हाय."