रिकाम्या गाभाऱ्यातलं गाऱ्हाणं
देवापुढे नारळ हातात धरला की मला हंपीचं ते देऊळ आठवतं. परतल्यावर माझं ऑपरेशन होतं, म्हणून सहल आधीच उरकायची असं मी ठरवलं. गाडी, मुक्काम, औषधं, सगळी तयारी मीच केली. भीती वाटते, एवढंच कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी कोकणातल्या आमच्या पोलादपूरच्या घरामागच्या माडाचा नारळ सोबत घेतला होता. विठ्ठल मंदिराचे दगडी खांब उन्हानं तापले होते आणि गाभारा रिकामाच होता. "आई, इथे मूर्ती नाही. पूजाही होत नाही," मी म्हटलं. "मूर्ती नाय, पन घर त्याचाच हाय ना गो?" म्हणत त्यांनी नारळ हातात धरला आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा विठ्ठला, माझ्या सुनेला दवाखान्यातून सुखरूप घरी आन रे महाराजा!" मी संकोचून आजूबाजूला पाहिलं, तोच, गावी गाऱ्हाण्याला सगळे साथ देतात तसा, मागून अनोळखी प्रवाशांचा एकसाथ आवाज घुमला, "व्हय महाराजा!" तेही आपल्या कोकणातलेच निघाले. त्या क्षणी माझी अर्धी भीती गेली. ऑपरेशन नीट झालं. आता सासूबाई नाहीत. देवापुढे नारळ मी ठेवते आणि पहिलं मागणं त्या अनोळखी प्रवाशांसाठी मागते.