पत्र्यावरचा हात

गाडीला नवा रंग द्यायचा म्हणजे आधी जुना उतरवावा लागतो, आणि ते काम कुणालाच नको असतं. नाव होतं रंग देणाऱ्या पेंटरचं. गाडीवाला येऊन त्याचीच पाठ थोपटतो. खरवडणाऱ्याला कोण विचारतंय? त्या वर्कशॉपात सव्वीस वर्षं हे काम एकाच माणसाने केलं. सगळे त्याला खरडोबा म्हणायचे. त्याचं खरं नाव मालकालाही आठवत नसावं, आणि त्यालाही त्याचं काही नव्हतं. म्हणायचा, "नावाने हाक मारलीत तर मीच मागे वळून बघेन, कुणाला बोलावताय म्हणून."

दारावर, बॉनेटवर ब्रशने रिमूव्हर फासायचा. थोड्या वेळात रंगाला फोड येतात, तो सुरकुततो, मग पट्टीने खरवडायचा. कोपऱ्यात तारेचा ब्रश, आणि उरलंसुरलं घासायच्या मशीनने. ते मशीन दिवसभर हातात थरथरायचं. शेवटी पत्रा धुऊन-पुसून, डोळे मिटून त्यावर हात फिरवायचा. उघड्या पत्र्यावर डोळा फसतो हो, सगळंच चकचकीत दिसतं. जुन्या रंगाचा खवला किंवा पुट्टीची कड राहिली असेल तर ती बोटालाच कळते. तिथला नियमच होता, खरडोबाचा हात फिरून तो "ने" म्हणाल्याशिवाय पेंटर पत्र्याला शिवायचा नाही.

त्याच हाताने दगा दिला. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग एकदा गरम चहाचा पेला धरून बसला, आणि बोटाला फोड आला तेव्हा समजलं. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या थरथरीने आणि त्या रसायनाने नसा गेल्यात, काम बंद करा. जसा काही हा हौसेनेच करत होता! पन्नाशी उलटलेली, दुसरं काम येत नाही, याला दारात तरी कोण उभं करणार? वर्कशॉपात त्याने कुणाला सांगितलं नाही. पत्र्यावर हात फिरवत राहिला, "ने" म्हणत राहिला, आणि महिन्याभरात एक बॉनेट रंगून गाडीवर चढलं तेव्हा मधोमध पुट्टीची कड उठून दिसली, पार रस्त्यावरून दिसावी अशी. मालकाने सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं," म्हणाला.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची. ती घरी शिवणकाम करायची, उसवलेला टाका न बघता नुसत्या बोटाने शोधायची. दुसऱ्या दिवशी बाकीचे मागच्या बाजूला जेवायला गेले तेव्हा तो तिला म्हणाला, "या दारावर जरा हात फिरव बरं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"डोळे मीट. कुठे काही लागतंय का बघ."

तिने हात फिरवला आणि कडीच्या खाली बोट ठेवलं. "हे काय, इथे. चपलेत वाळू गेल्यासारखं."

त्याने खडूने तिथे गोल केला. गोल नीट उमटला नाही, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

दीड वर्ष असं चाललं. लोकांना वाटायचं, या वयात काय हे प्रेम, डबा संपला तरी बायको हलत नाही. पेंटर चिडवायचा, "काय खरडोबा, वहिनी घास भरवतात की काय?" हा हसून वेळ मारून न्यायचा.

एक दिवस पेंटर विसरलेला चष्मा घ्यायला मधेच परत आला. बघतो तर वहिनी डोळे मिटून डिकीच्या झाकणावर हात फिरवतायत, आणि खरडोबा मागे खडू घेऊन उभा. माणूस भला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर गेलं.

मालक चिडला नाही. चिडला असता तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्याने दोघांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, आणि खरडोबाला म्हणाला, "उद्यापासून तुम्ही आराम करा. वहिनींना पाठवा."

"ती नुसता हात फिरवेल," खरडोबा म्हणाला. "रिमूव्हरला शिवणार नाही. मशीनला तर नाहीच."

"नुसता हात फिरवायला वेगळं माणूस ठेवू? तुम्हीच सांगा."

तो नाही म्हणणारच होता. पण ती आधी बोलली. "येते मी."

घरी आल्यावर त्याने भांडण काढलं. हात तिच्या तोंडासमोर नाचवले. "हे बघ, आणि मग जा."

"रोज बघते," ती म्हणाली. "दोघांनी घरी बसून कुणाकडे बघायचं?"

ती सकाळी आठला जाते, सहाला येते. मालकाने हातमोजे दिलेत. पण तपासताना ते काढावेच लागतात, आणि दिवसातून वीस वेळा काढ-घाल करण्यापेक्षा ती ते घालतच नाही. यानेही सव्वीस वर्षं तेच केलं, मग तिला बोलायला याला तोंड कुठे आहे? तो घर सांभाळतो. स्वयंपाक करायला शिकलाय. अधूनमधून भाजून घेतो, आणि वास आला की मग बघतो, कुठे भाजलं ते.

चौथ्या वर्षी एका सुट्टीच्या दुपारी ती उशीचा अभ्रा शिवायला बसली. दोरा ओवताना सुई हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. "नजर कमी झाली," ती म्हणाली.

त्याने सुई उचलली आणि तिच्यासमोर बसला. "हात दे. डोळे मीट. मी टोचतो, लागलं की सांग."

"काय हा खुळेपणा," म्हणाली. तरी हात पुढे केला आणि डोळे मिटले.

त्याने तिचं मधलं बोट धरलं. टोकाची कातडी पांढुरकी, भेगाळलेली. सुई बोटाजवळ नेली, पण टोचवेना.

"लागलं," ती म्हणाली.

सुई अजून हवेतच होती. त्याने बोट सोडलं नाही.

"अहो, लागलं म्हणते ना," ती डोळे न उघडताच म्हणाली. "सोडा आता. उद्या आठला जायचंय मला."