काचेबाहेरचा हात

परवा पिंपरीच्या इस्पितळात ओल्या कांबळ्याचा वास आला आणि पन्नासच्या दशकाअखेरचा हिमालय आठवला. मी तेव्हा हवाई दलात वैद्यकीय सहायक होतो. दरड कोसळून एका जवानाची मांडी चिरडली होती आणि त्याला खालच्या तळावर शस्त्रक्रियेसाठी जिवंत पोचवायचे होते. त्या काळच्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये रुग्णाला आत जागा नसे. स्ट्रेचर बाहेरच्या बाजूस बांधत. मी मांडी पट्ट्याने आवळली, मॉर्फिन टोचले, कांबळी गुंडाळली. बोलण्यावरून तो चाकणकडचा निघाला. "आरं, तू तर गाववालाच की! मंग मी भायेर अन् तू आत व्हय?" तो म्हणाला. "आत पेट्रोलचा वास हाय, भावा. तू वारं खा," मी म्हणालो, "फकस्त हात हालवत ऱ्हा, मला काचंतनं दिसंल." "हालवतो. आईला मातर कळवू नगंस." हात थांबला तर वाटेत नदीपात्रात उतरून त्याला तपासू, असे वैमानिकाने कबूल केले होते. खिंडीत वारा बोचरा होता. उतरायचे का, असे वैमानिक विचारत राहिला. मी प्रत्येक वेळी काचेतून पाहिले, हात हलत होता, आणि पुढे चला म्हणून सांगितले. तळावर उतरलो. पाती मंदावली, तसा हातही मंदावला. पाती थांबली तेव्हा तो थांबला. मनगट गार होते. जीव खिंडीपाशीच गेला असावा, असे डॉक्टर म्हणाले. आजही कोणी दुरून हात हलवून बरे असल्याचे सांगितले, तर मी जवळ जाऊन नाडी पाहतो.