गुलाबी मांडवातली पांढरी साडी

नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्या लग्नाला मी गेले. तुमसरात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेरा तो सांभाळतो, कॉम्प्युटर मी. जुन्या फोटोंवरचे डाग काढणं, अल्बम लावणं हे माझं काम. अख्ख्या लग्नाचे फोटो एकटीनं मी कधीच काढले नव्हते.

लग्न आंबागडकडच्या एका गावात होतं, बौद्ध पद्धतीनं, भर दुपारी. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात. मांडव मात्र गडद गुलाबी कापडाचा. डोळ्यांना सगळं छान दिसत होतं. मी घाईत फोटो काढत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोटो उघडले. मांडवाच्या कापडातून आलेल्या उजेडानं साडी गुलाबी, हार गुलाबी, आणि दोघांचे चेहरे तांबूस काळे. मांडवामागचं ऊन तेवढं लख्ख. एकही फोटो धड नव्हता.

नवरा शेजारी येऊन बसला. डाव्या हातानं एकेक फोटो पुढे नेत गेला.

"एवढं वाईट आहे का?" मी विचारलं.

"लग्न काही पुन्हा होत नाही ना," तो म्हणाला. मग माझं तोंड पाहून म्हणाला, "रडून कायले राहिली? करून तर पाय."

आधी मी ऑटोचं बटण दाबलं. फोटो निळा पडला. ब्राइटनेस वाढवला तर चेहरे राखेसारखे झाले आणि साडीच्या निऱ्याच गायब. सगळं शून्यावर आणलं. सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोला धक्का लागत नाही, हा त्या दिवशीचा एकच आधार होता.

मग व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेतला. जे खरोखर पांढरं आहे त्यावर टेकवायचा, म्हणजे बाकीचे रंग त्याच्या मागोमाग सरकतात. मी तो नवरीच्या खांद्यावरच्या पदरावर टेकवला. एका क्षणात साडी पांढरी झाली. मी "झालं!" म्हणून ओरडलेच. तेवढ्यात नवऱ्यानं मागच्या उन्हाकडे बोट केलं. ते हिरवं पडलं होतं.

मग ब्रशनं फक्त माणसं निवडली, रंग तेवढ्यांचाच बदलला आणि मांडवाबाहेरचं ऊन होतं तसं ठेवलं. अंधारे भाग उजळणारी शॅडोची पट्टी हळूहळू उजवीकडे नेली, तसे डोळे दिसू लागले. हायलाइट, म्हणजे फार उजळ भाग, खाली आणल्यावर निऱ्या परत आल्या. शेवटी हात सवयीनं त्वचा उजळ करायच्या पट्टीवर गेला. पासपोर्ट फोटोला येणारा प्रत्येक जण "थोडं गोरं करा" म्हणतोच. मी पट्टी ओढली आणि पडद्यावर कुणी तिसरीच मुलगी आली. काल हार घालताना खळखळून हसलेली ती ही नव्हतीच. पट्टी मागे नेली.

बाकीच्या फोटोंना तेच सेटिंग लावलं, तरी प्रत्येक फोटो हातानं सुधारावा लागला, कारण कापडाखाली माणूस दोन पावलं सरकला तरी गुलाबी छटा बदलत होती. तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी नवरी आणि तिची आई अल्बमचे फोटो निवडायला आल्या. नवरी पडद्यासमोर बसली आणि एकेक फोटो डोळे बारीक करून पाहू लागली. मला वाटलं, गेलं सगळं. न राहवून मीच म्हणाले, "मांडवाच्या कापडाचा रंग पडला होता. काही राहिलं असेल तर सांगा."

"नाही हो मॅडम," ती म्हणाली. "मले भेव वाटून राहिलं होतं, तुम्ही गोरं करसान म्हणून. माझ्या बहिणीच्या लग्नात तसंच केलं होतं. आजी अल्बम पाहून विचारे, ही कोनाची पोट्टी?"

तिची आई हसत सुटली. पडद्याजवळ वाकून तिनं साडीच्या पदरावर बोट ठेवलं. "पाय, कशी पांढरीशुभ्र आली! आमची पोरगी अशीच हाय."

त्या गेल्यावर मी खुर्चीत मागे टेकले. तीन दिवस खांदे आवळून बसले होते, हे ते सैल पडल्यावर कळलं. नवऱ्यानं डाव्या हातानं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

"पुढच्या लग्नालेही तूच जाय," तो म्हणाला.

"मांडवाच्या कापडाचा रंग आधी विचारून घ्या," मी म्हणाले, आणि जेवायला लागले.